रादामेसची पिवळी नखं

माझ्या धाकट्या बहिणीचा, नुरीसचा नवरा रादामेस सामन्याच्या दिवशी दुपारी माझ्या सलूनमध्ये यायचा आणि बायकांच्या रांगेत बसून नखं रंगवून घ्यायचा. अंगानं फ्रिजएवढा माणूस, पण रंगाच्या बाबतीत नवरीपेक्षा चोखंदळ.

"मेव्हणीबाई, मागचा गुलाबी फारच नेभळट होता हं. जरा ठसठशीत लावा."

बायका फिदीफिदी हसायच्या. तो त्यांनाच विचारायचा, केशरी बरा की पोपटी, आणि मग सगळ्या जणी भांडायला लागायच्या. माझ्या दुकानाचा पार बाजार व्हायचा.

रादामेस आमच्या गावच्या बेसबॉल संघाचा कॅचर. कॅचरनं फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि मांड्यांमधून बोटं दाखवून पिचरला सांगायचं, कसा चेंडू टाकायचा ते. एक बोट सरळ, दोन बोटं वळणारा. आता आमच्या आसुआ गावच्या मैदानातले निम्मे दिवे गेलेले, आणि आमचा पिचर एलिहियो निम्मा आंधळा. चष्मा लाव म्हटलं की अंगावर धावून यायचा. "चष्म्यात मी शाळामास्तर दिसतो," म्हणे. मास्तर दिसला असता तर उपकारच झाले असते. त्याला फक्त रादामेसची रंगवलेली बोटं दिसायची, म्हणून एलिहियो खेळला की रादामेसही खेळायचा.

पोरवयात खेळाडू निवडायला आलेल्या माणसानं रादामेसला पळताना पाहिलं आणि म्हणाला, "ह्याला बसवा." तेव्हापासून तो बसलेलाच. अमेरिकेत बर्फाळ गावांतून वर्षानुवर्षं खेळला, मोठ्या संघाच्या दारापर्यंत गेला, दार काही उघडलं नाही. परत आला तेव्हा बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती, पण चेंडूची हौस तशीच. नुरीस म्हणायची, "ताई, हा झोपेतसुद्धा उशी झेलतो गं."

यंदा मॅनेजर विनिसियो यांनी एक तरणाबांड कॅचर आणला आणि रादामेसला स्पष्ट सांगितलं, "हंगामाचा शेवटचा सामना तू खेळ. त्यात काय ते दाखव. मला संघात रंगारी नको, कॅचर हवा." नाहीतर आमच्या काकाचं कोंबड्यांचं दुकान होतंच, पिसं उपटायला. त्या सामन्याच्या दुपारी रादामेस माझ्यासमोर हात पसरून बसला, पण एकही विनोद केला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

"सगळ्यात भडक कुठला?" त्यानं विचारलं.

राजधानीतून एक नवा पिवळा आला होता, अंधारात चमकणारा. "हाच!" तो म्हणाला.

मी आणि नुरीस मैदानाच्या पार टोकाला, पिचरच्या पाठीमागच्या स्वस्त बाकांवर बसलो. हातात तळलेल्या पिठाची गरम यानिकेके, समोर ढोल. आणि काय सांगू, तिथूनसुद्धा ती नखं काजव्यांसारखी दिसत होती! पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे होतो, आणि एका दारुड्याला दोन बोटं दिसली. तो ओरडला, "वळणाराऽऽ!" चेंडू वळला. लोक वेडे झाले. पुढच्या चेंडूला अख्खं टोक एका सुरात: "सरळऽऽ!" आणि चेंडू सरळच.

आपलं गुपित आपणच ढोल बजावून सांगणं, हे आसुआलाच जमतं. समोरचा फलंदाज काय बहिरा होता? त्यानं ठोकला. त्याच्या पुढच्यानंही ठोकला. दोघं दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर, धाव पुरी करायच्या तयारीत, आणि आमचे लोक अजून गातच होते.

"गप्प बसा मेल्यांनो!" नुरीस बाकावर चढून किंचाळली. "माझा नवरा कोंबड्या सोलायला जाईल!"

कोण ऐकतंय! रादामेस उठला, डुलत डुलत एलिहियोकडे गेला, कानात काहीतरी बोलला आणि परत येऊन बसला. दोन बोटं. "वळणाराऽऽ!" टोक गरजलं, आणि चेंडू सरळ घुसला. फलंदाज हवेत बॅट फिरवून गरगरला. दोघांनी कानातल्या कानात खुणा उलट्या करायचं ठरवलं होतं! एक बाद, दुसरा बाद.

"खोटारड्या!" लोक रादामेसवरच भडकले. "आम्हाला फसवतोस?"

तिसरा फलंदाज पहिल्या चेंडूला फसला. मग त्यांच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "उलटं आहे रे, उलटं धर!" पुढचा चेंडू त्यानं असा हाणला की मी बाकावरून उठलेच. रेषेच्या जेमतेम बाहेर पडला, म्हणून वाचलो; तोही चुकलेलाच धरतात, आणि तीन चुकले की फलंदाज बाद, तीन बाद की डाव संपला. आता आणखी एक चुकला की सामना आमचा. रादामेसच्या हातून चेंडू निसटला, तर तिसऱ्या बेसवरचा धाव पुरी करणार आणि बरोबरी.

रादामेसनं मूठ आवळली. एकही नख दिसेना.

सगळं टोक गप्प झालं, ढोलसुद्धा. एलिहियोनं डोळे बारीक केले, मान पुढे काढली, शेवटी खांदे उडवले आणि मनाला येईल तो चेंडू टाकून दिला. काय येतंय ते फलंदाजाला ठाऊक नव्हतं आणि रादामेसलाही. ग्लोव्ह त्यानं डावीकडे धरला होता, चेंडू ऐन वेळी उजवीकडे खाली वळला. बॅट वरून गेली. रादामेसनं मूठ उघडली आणि उघड्या हातानं तो पकडला.

नुरीस कुंपणावरून उडी मारून धावली, मी तिच्या मागे. विनिसियो आमच्याआधी पोचले होते.

"कुठला चेंडू मागितला होतास?"

"काहीच नाही, साहेब. आला तो घेतला."

विनिसियोंनी त्याच्या सुजत चाललेल्या बोटाकडे पाहिलं, मग नव्या कॅचरला हाक मारली. "पुढच्या वर्षी ह्याच्या शेजारी बसायचं. नीट बघायचं. कळलं?"

नुरीसनं विनिसियोंचाच मुका घेतला. लोक रादामेसला खांद्यावर घ्यायला धावले, पण त्याचे गुडघे धरले होते आणि तो काही केल्या उठेना.

"थांबा रे, जरा बसू द्या," तो हसत म्हणाला.

मग सगळेच त्याच्याभोवती उकिडवे बसले, ढोलवाले, तो दारुडा, एलिहियो, आम्ही दोघी बहिणी. दोन मिनिटांत माझे गुडघे बोंबलायला लागले. हा माणूस उभं आयुष्य असाच बसला होता. मला रडू फुटलं, आणि हसूही थांबेना.