थुंकायची वाइन

बाटल्या घरात आल्या तशी मी दाराची कडी लावली आणि वर साखळीही अडकवली. भरदुपारी. नवरा म्हणाला, अगं, वाइन आहे, बॉम्ब नाही. मला त्या वेळी दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

मी मुळातच भित्री. हे मी लाजत सांगत नाही, एखाद्याने आपली उंची सांगावी तसं सांगते. नव्वदच्या दशकात आम्ही नेरूळच्या सिडकोच्या घरात राहायला आलो, तेव्हा मला घाबरायला भरपूर नवी कारणं मिळाली. संध्याकाळी बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांचा वास आला की मी खिडक्या लावायचे. छताचं प्लास्टर झोपेत अंगावर पडेल म्हणून पलंग तीनदा हलवला. वर सोसायटीचा सेक्रेटरी, जो जिन्यावरून जाताना प्रत्येक दाराशी थोडा रेंगाळायचा. आणि दादरहून रोज फोन करणाऱ्या सासूबाई. घरात बियर असली की मी त्यांच्याशी बोलताना रिसीव्हर तोंडापासून लांब धरायचे, जणू वास तारेतून जाईल.

नवऱ्याचा कॉलेजातला मित्र बोटीवर अधिकारी होता. त्याची बोट उरणजवळच्या बंदराला लागली की तो एक रात्र आमच्याकडे जेवायला यायचा. या वेळी जेवणाच्या दोन दिवस आधीच तो दोन बाटल्या देऊन गेला. एक तांबडी, कॅबर्ने. एक पांढरी, शार्डोने. किंमत विचारली तर नुसता हसला, आणि त्या हसण्यावरून आम्ही समजलो की आपल्या घरातली ही सगळ्यात महाग वस्तू आहे, फ्रिज धरून. त्याच फ्रिजात मी पांढरी बाटली कोथिंबिरीच्या पिशवीमागे लपवली. तांबडी आडवीच ठेवायची असते असं त्याने बजावलं, म्हणून ती कपाटात माझ्या शालूंच्या घडीत झोपवली. मग जेवणाच्या रात्रीपर्यंत मला ती फुटल्याचे भास होत राहिले.

जेवणाचं त्याने ठरवून टाकलं होतं. पांढरीबरोबर मासे, तांबडीबरोबर मटण. "तुम्ही नुसतं रांधा वहिनी, चाखायचं कसं ते मी शिकवतो." करावे गावातून येणारी कोळीण दारात पाटी उतरवून म्हणाली, "बाय, आज कोलबी बग, जित्ती हाय. कोन येतंय का जेवाला?" मी म्हटलं, कोणी नाही, आम्हीच. तिला काय पडलं होतं! पण मी खोटं बोलले आणि गरजेपेक्षा जास्त कोळंबी घेतल्यामुळे ते तिलाही कळलं.

येणार होतं ते शेजारच्या बिल्डिंगमधलं जोडपं. तो नवऱ्याच्याच कंपनीत, लॅबमध्ये केमिस्ट. आमच्या दोघांचाही लाडका माणूस. आणि चांगला पिणारा. मागची दोन वर्षं त्याने स्वतःची आणि बायकोची दैना करून घेतली होती. जिन्यात पडायचा, आम्ही उचलून घरी सोडायचो. कंपनीने शेवटची समज दिली होती. मग पावसाळा संपता संपता त्याने सोडली. एकदम. दोनदा प्यायला, दोन्ही वेळा भयंकर त्रास झाला, लिव्हर बोलायला लागलं असं स्वतःच म्हणाला आणि थांबला. चार-पाच महिने झाले होते. मनावर घेतलं की माणूस काय करू शकतो, असं आम्ही सगळे त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचो.

अशा माणसाला वाइनच्या जेवणाला बोलवायचं का, यावर आमच्या घरात दोन दिवस कुजबुज चालली. न बोलवावं तर दिसणार, कारण बोटीवरचा मित्र त्याचाही मित्र. शेवटी नवरा म्हणाला, त्याला लिंबू सरबत देऊ, तो काय लहान आहे? त्याच्या बायकोला मात्र आम्ही नुसतं जेवायला या एवढंच सांगितलं. तिला उगाच टेन्शन नको, असा आमचा शहाणपणा.

ती आली, तिने टेबलावरच्या दोन बाटल्या पाहिल्या, आणि हातातला गाजर हलव्याचा डबा मला देण्याऐवजी तो घेऊनच स्वयंपाकघरात शिरली. मी मागोमाग गेले. तिने दार लोटलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"वहिनी, ह्यांना एक थेंब देऊ नका. मी चहात गोळी घालते."

मला आधी काहीच कळेना. मग तिने भराभर सांगितलं. दारू सोडवायची गोळी. डॉक्टरांनी पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायची म्हणून बजावलं होतं. हिने, ते तयार आहेत, असं खोटं सांगितलं आणि रोज सकाळी गोळी कुटून त्याच्या चहात ढवळू लागली. त्या गोळीवर दारू गेली की माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो. जास्त गेली तर हृदय थांबूही शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पावसाळ्यातले ते दोन भयंकर त्रास म्हणजे लिव्हर नव्हतं. त्या गोळ्या होत्या. दोन्ही रात्री ती त्याच्या उशाशी बसून रडत होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गोळी कुटत होती.

मी म्हटलं, मग आत्ता बाहेर जा आणि त्याला सांग. ती म्हणाली, "सांगितलं तर ते चहाच सोडतील. मग परत पहिल्यापासून सगळं. या वेळी नोकरी जाईल, आणि मी नाही पुन्हा उभी राहू शकणार." तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती. नवऱ्यालाही सांगू नका म्हणाली. माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही हे तिलाही माहीत होतं.

आयुष्यभर मी प्लास्टर, सेक्रेटरी आणि सासूबाई असल्या गोष्टींना घाबरत आले होते. खरी भीती वेगळीच असते. बाहेर माझ्या घरात, माझ्या टेबलावर, एका माणसाचा जीव जाऊ शकत होता, आणि तो वाचवायला मी तोंड उघडलं तर त्याचा संसार जाणार होता.

मी बाहेर आले ती सरबताचा ग्लास घेऊनच. केमिस्टच्या हातात तो कोंबला. तो म्हणाला, थँक्यू वहिनी, आणि बाजूला ठेवला. आमच्याकडे वाइनचे ग्लास नव्हते, फालुद्याचे होते, लांब दांड्याचे. मी मुद्दाम तीनच बाहेर काढले होते. बोटीवरच्या मित्राने मोजून पाहिलं आणि स्वतः उठून कपाटातून आणखी दोन आणले. माणसं नको तेव्हा मदतीला धावतात.

त्याचा वर्ग सुरू झाला. ग्लास कसा धरायचा, गोल कसा फिरवायचा, नाक किती आत घालायचं. शार्डोने सगळ्यांच्या ग्लासात थोडी थोडी ओतली, केमिस्टच्याही. "अरे, ही दारू थोडीच आहे? द्राक्षं आहेत. नुसती चव घ्यायची." माझा नवरा एरवी इतका शहाणा, तोही म्हणाला, एवढ्याशाने काय होतंय! मी टेबलाखालून त्याला पाय मारला. तो म्हणाला, काय गं? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

केमिस्टने ग्लास उचलला. त्याची बायको कोळंबीचं ताट घेऊन दारात उभी होती, ते टेबलावर ठेवायचं तिला सुचत नव्हतं. त्याने ग्लास नाकाला लावला नाही. लॅबमध्ये करतात तसं हाताने वास आपल्याकडे ओढला, एकदा, दोनदा. मग डोळे मिटून बसला. किती वेळ बसला कोण जाणे, मला तो फार वाटला. मग त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, मस्त आहे, पण मी तांबडीची वाट बघतो.

माझा नवरा म्हणाला, ओल्या गोणपाटाचा वास येतोय. बोटीवरचा मित्र दुखावला. म्हणाला, तुमच्यासारख्यांना हे द्यायलाच नको, परदेशात जाणकार लोक एका दिवसात कितीतरी वाइन चाखतात, पण गिळत एकही नाहीत, तोंडात घोळवून बादलीत थुंकतात.

मी तिथेच ताडकन उठले. स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं आणि मटणाच्या भांड्याशेजारी टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"तर मग आपणही थुंकू," मी म्हणाले.

आता विचार करा. जेवणाच्या टेबलावर, मटण आणि भाकरीच्या मध्ये, थुंकायला पातेलं. आमच्याकडे उष्ट्या हाताने पळी धरली तरी सासूबाई जेवण टाकायच्या. नवऱ्याचा चेहरा पडला. एवढी महागाची वाइन थुंकायची? वेड लागलंय का? मी म्हटलं, नियम तो नियम, शिकायचं तर नीट शिका. माझा आवाज चिरकत होता. पहिली मीच थुंकले. त्या शार्डोनेची चव कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही, कारण ती जिभेवर असताना मी फक्त केमिस्टकडे पाहत होते. तोही माझ्याकडे पाहत होता. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि तिने मान खाली घातली.

कॅबर्ने उघडली. ग्लासात ती कोकमाच्या आगळासारखी दिसत होती. केमिस्टने या वेळी हाताने वास ओढला नाही. सरळ घोट घेतला. छोटा नाही, चांगला तोंडभर.

माझा नवरा काहीतरी बोलत होता, पंखा फिरत होता, आणि केमिस्टचे गाल फुगलेले होते. तो गिळत नव्हता आणि थुंकतही नव्हता. मी पातेलं उचलून त्याच्या हनुवटीखाली धरलं, लहान मुलाला उलटीच्या वेळी धरावं तसं. त्याच्या कपाळावर शीर उमटली. डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या बायकोच्या हातातलं ताट वाकडं झालं आणि दोन कोळंब्या फरशीवर पडल्या. कुणीच त्या उचलल्या नाहीत.

तो उठला. पातेलं बाजूला सारून बेसिनपाशी गेला आणि थुंकला. मग नळ सोडून चुळा भरत राहिला. एक, मग आणखी एक, मग आणखी. चव न आवडलेला माणूस इतक्या चुळा भरत नाही. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की त्याची मान पाठीमागून तांबडी होत चालली आहे, आणि कानही. तेवढं तोंडात राहिलेलं, चुकून घशाखाली गेलेलं, त्यानेही ते होत होतं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली.

त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. बोटीवरच्या मित्राला वाटलं ॲलर्जी आहे. नवरा रिक्षा बघू का विचारत होता, सेक्टरातला डॉक्टर घरी असेल का विचारत होता. केमिस्ट हाताने नको नको करत राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्याची बायको खाली फरशीवर बसून त्याची नाडी धरून होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होते, ती मोजतेय की जप करतेय ते कळत नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मटणावर चरबीचा थर धरला एवढं आठवतं. मग हळूहळू त्याच्या कानांचा रंग उतरला, आणि त्याने पाणी मागितलं.

पाणी प्यायला तो स्वतःच आत आला. त्याची बायको मागे, मी ओट्यापाशी. बाहेर दोघे मित्र हळू आवाजात वाइन खराब निघाली असेल का यावर बोलत होते. केमिस्टने ग्लास संपवून उपडा घातला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून गोळी हातावर देत जा. चहात ती नीट विरघळत नाही. तळाशी राहते."

ती भिंतीला टेकली.

"कधीपासून माहितीये तुम्हाला?" तिने विचारलं.

तो म्हणाला, दुसऱ्या वेळच्या त्रासानंतर. दुसऱ्या दिवशी कप धुवायला टाकताना तळाशी पांढरं दिसलं, लॅबमध्ये नेऊन पाहिलं. त्यानंतरचा रोजचा चहा त्याने ते ओळखून प्यायला होता, तळाचंही बोटाने पुसून, चाटून. कुणाला सांगितलं नाही, कारण सगळे म्हणत होते मनावर घेतलं म्हणून, आणि त्याला ते ऐकायला बरं वाटायचं.

मग तिला रडू फुटलं, आणि रागही आला. दोन्ही एकदमच. तिने त्याच्या दंडावर चापट मारली. "माहीत होतं तर आज तोंडात का घेतलीत? मेला असतात ना."

त्याने उपडा घातलेला ग्लास सरळ केला.

"बघायचं होतं," तो म्हणाला, "गोळीची भीती आहे म्हणून थांबलोय, की मला ती आपणहून थुंकता येते."

तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. अजून किती जोरात धडधडतंय, असं म्हणाली आणि हात काढेना.

"घाबरलोय गं," तो म्हणाला. "वाइन बाहेर येतच नव्हती. मी गिळणारच होतो."