रतनबाईचा खूर

तिकोणा पेठेत रतनबाई सून म्हणून आली, त्याच वर्षी गाव समजून चुकलं की भिमाजीच्या घरात आता बयाबाईला तोडीस तोड कुणीतरी आलंय. सासू बयाबाई म्हणजे आळीची बिनपगारी फौजदारीण. तिच्यापुढे पाटलाचं कुत्रंसुद्धा शेपूट घालून जायचं. आणि ही सून पहिल्याच आषाढात खाचरात उतरून सासूच्या पुढे पात काढून गेली! पात म्हणजे आवणीच्या वेळी एकेका बाईनं भाताची रोपं लावत न्यायचा पट्टा. रतनबाई रोपं लावत मागे सरकायची ती अशी, की शेजारणीला वाटावं हिच्या पाठीलाच डोळे आहेत. बयाबाई त्या दिवशी घरी येऊन एवढंच म्हणाली, "हात बरा हाय." तिच्या तोंडून एवढं येणं म्हणजे सरकारातून सनद मिळण्यासारखं.

आणि नेमका याच बाईचा पाय जावा!

जर्मनची लढाई थांबून दोनेक वर्षं झाली होती. दसऱ्यानंतर डोंगरउतारावर गवत कापताना रतनबाईच्या डाव्या पावलाला फुरसं डसलं. दोन दिवस मांत्रिक आणि लिंबं यांत गेले. तिसऱ्या दिवशी पाऊल काळं पडलं, तशी भिमाजीनं भावकी गोळा केली, घोंगडीची झोळी केली आणि कामशेतपर्यंत तिला खांद्यावर नेलं. तिथून आगगाडीनं लोणावळा. दवाखान्यातल्या डॉक्टरनं जीव राखला. पाय मात्र गुडघ्याखाली वीतभर ठेवून उतरवला.

शुद्धीवर आल्यावर बाई रडली असेल असं वाटतं ना? रडलीही असेल, पण कुणाच्या देखत नाही. भिमाजी खाटेशी उभा होता, तोंड शेणकुटासारखं करून. त्याला म्हणाली, "गुडघा ठेवलाय न्हवं? मग उरल्यालं करायला सुतार हाय की गावात. रडताय काय, तुमचा थोडाच कापलाय!"

घरी आल्यावर महिनाभर बयाबाईनं वाट बघितली. मार्गशीर्षात बोलली. आता बयाबाई काही कैदाशीण नव्हती, हे सांगून ठेवलेलं बरं. तिच्या जागी दुसरी असती तर एवढीही थांबली नसती. घरात कामाची माणसं तीन, त्यातलं एक बसलेलं; खाचरं पाच. तिनं चुलीपुढे बसून सरळ सांगितलं, "रतने, माज्या भावाची पोर हाय बेगडेवाडीला. लगीन व्हायचं हाय तिचं. तू आषाढात आवणीला हुबी ऱ्हायलीस तर ऱ्हायलीस. न्हाईतर श्रावणात भिमाजीचं दुसरं लगीन लावीन. तुला काय हाकलत न्हाई. बसून खा."

"बसून खायाला मी काय गणपती हाय?" रतनबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी वो? तुमी कुनाच्या बाजूला?"

भिमाजीनं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, "म्हस सोडायची ऱ्हायली," आणि गोठ्यात निघून गेला. त्या घरात त्याला म्हशीचाच काय तो आधार होता.

सात महिने होते. रतनबाईनं अंबाजी सुताराला बोलावणं धाडलं.

अंबाजी गावाचा नांगर, कुळव, गाडी सगळं करायचा आणि 'येत नाही' हे दोन शब्द आईच्या पोटातूनच विसरून आलेला. एकदा कुणी टवाळीनं विचारलं, "अंबाजी, आगगाडी करशील का?" तर म्हणाला, "तुमी निस्तं रूळ आणून द्या." त्यानं रतनबाईचा राहिलेला पाय सुतळीनं मापला आणि वडगावच्या बाजाराला गेला. तिथं महिपती म्हणून एक पेन्शनर शिपाई होता. बसऱ्याच्या लढाईत त्याचा पाय गेला होता आणि सरकारनं त्याला नवा दिला होता: चामड्याचा, पट्ट्यांचा, खाली चकचकीत काळा बूट. महिपती तो बूट रोज पुसायचा आणि बाजारात अशा ठिकाणी बसायचा की येणाऱ्याची नजर आधी बुटावर पडावी, मग त्याच्या मिशीवर. पानतंबाखू मिळाल्यावर त्यानं पाय काढून अंबाजीच्या मांडीवर ठेवला. अंबाजीनं तो वरून, खालून, आतून बघितला, वास घेतला आणि म्हणाला, "व्हईल."

संक्रांतीला पाय तयार झाला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वर खोलगट वाटी, वाटीत घोंगडीचं अस्तर, मांडीला बांधायला बैलाच्या म्होरकीचा पट्टा. आणि खाली? खाली अंबाजीनं अख्खा बूट कोरला होता. टाच, टोक, नाडीची भोकं, सगळं. वर काजळीनं काळा केलेला.

"हे काय वो अंबाजीभाऊ?" रतनबाईनं विचारलं.

"बूट. सरकारी पायाला हाय."

"मी काय परेड करनार हाय?"

"आता त्यानंच चालत आसंल तर? मला काय ठावं, त्यातली कुटली चीज कामाची अन् कुटली निस्ती दिमाखाची? म्हून समदंच केलं."

तो पाय घालून ती भिंतीला धरून उभी राहिली, दोन पावलं चालली आणि सैपाकघराच्या उंबऱ्याशी आली. तिथं बयाबाई उलथनं घेऊन उभी.

"बूट घालून चुलीपाशी? तुज्या बापाच्या घरी चालत आसंल!"

"आत्याबाई, लाकडाचा हाय."

"वहाण कशाचीबी आसंना, वहाणच ती."

झालं. दुसऱ्या दिवशी अंबाजीनं करवत घेऊन बूट छाटला. राहिली नुसती खुंटी. खुंटीला चुलीपाशी यायला हरकत नव्हती. खुंट्या घरात असतातच.

पहिले पंधरा दिवस मांसाला फोड यायचे. ती हळद-तेल लावायची, चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा उभी राहायची. भिमाजीनं ओसरीपासून गोठ्यापर्यंत बांबूचा आडवा कठडा बांधला. कुणी सांगितला नव्हता. एका सकाळी दिसला, इतकंच. कठड्याला धरून ती शिमग्यापर्यंत सरळ चालायला लागली. काठीनं पाणवठ्यापर्यंत जायला लागली. गाव म्हणालं, जमलं बाईला.

रतनबाई म्हणाली, "काय जमलं, कप्पाळ? आवणी काय फुडं चालत करत्यात व्हय?"

खरंच की! आवणीत बाई वाकलेली असते, तोंड लावलेल्या रोपांकडे, आणि पावलं मागे मागे जातात. म्हणून चैत्रापासून ही बाई दुपारच्या उन्हात आळीतून वाकून उलटी चालायला लागली. पुढे टोपली, हातानं शेणाचे गोळे ठेवत, मागे मागे.

आता उलट्या पावलांनी कोण चालतं हे मावळात कुणाला सांगायला हवं? शेजारच्या नंदाबाईनं पहिल्या दिवशीच दार लावून घेतलं आणि फटीतून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बातमी: "रतनीला लागीर झालंय. पाय उलटं पडत्यात." तिसऱ्या दिवशी नंदाबाई मीठ-मोहऱ्या घेऊन उतरवून टाकायला आली, तर रतनबाई उलटी चालत चालत नेमकी तिच्याच अंगावर आदळली.

"आगं आई गं! सोड रतनीला, कोण हाईस तू?" नंदाबाई ओरडली.

"मी व्हय? मी तुजी सासू," रतनबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माजी पितळी परत दे, नंदे!"

नंदाबाईनं संध्याकाळी खरोखर एक पितळी आणून रतनबाईच्या ओसरीवर ठेवली. ती कुणाची होती, हे अजून पेठेला कळलेलं नाही.

मृग लागला, खाचरं भरली. चिखलणी झाल्यावर बयाबाईनं सुनेला रोपाच्या वाफ्याशेजारच्या खाचरात उतरायला सांगितलं. बांधावर आळीतल्या सगळ्या बायका. रतनबाई ऐटीत उतरली. पहिलं पाऊल उजवं. दुसरं पाऊल खुंटीचं. खुंटी खाली गेली ती गेलीच. मागचं पाऊल टाकायला बाईनं पाय उचलला, तर पाय आला आणि खुंटी राहिली, वाटीसकट, चिखलात सरळ उभी. जणू कुणी म्हैस बांधायला ठोकलीय. रतनबाई धपकन चिखलात बसली.

बायका फिदीफिदी हसल्या. बयाबाई हसली नाही. ती बांधावरून वळून घराकडे चालू लागली. तेच वाईट होतं.

रतनबाई बसल्या जागी बसून राहिली. चिखल छातीला लागलेला, डोळे म्हशीच्या गुडघ्याच्या उंचीवर. आणि खरोखरच त्या उंचीवर भिमाजीची म्हैस खाचर ओलांडत होती. आठ मण वजनाची बया, पण कशी फुलावरून चालल्यासारखी! रतनबाई टक लावून बघत राहिली. खूर खाली जाताना दोन बोटांसारखा फाकायचा. वर येताना मिटायचा. चिखल त्याला धरायला जाईतो तो निसटलेला असायचा.

"अंबाजीभाऊला बोलवा," ती चिखलातूनच ओरडली. "पळा! म्हस हाय तवर बोलवा!"

अंबाजी आला. त्याला पटेना. "सरकारी पायाला आसलं काय न्हवतं," म्हणाला.

"सरकार करतंय का आवणी?"

अंबाजी धोतर खोचून उतरला आणि खूर बघायला त्यानं म्हशीचा पाय उचलला. म्हशीनं त्याला जिथं लाथ घातली ती जागा सांगण्यासारखी नाही, पण पुढचे चार दिवस तो रंधा मारताना उभाच होता.

त्या चार दिवसांत खूर झाला. बाभळीच्या दोन फाका, मधे खीळ. भार पडला की उघडणाऱ्या, उचलला की मिटणाऱ्या. रतनबाई तो चढवून उंबऱ्याशी आली, तर पुन्हा बयाबाई आडवी.

"चुलीपाशी खूर?"

"आत्याबाई, वसुबारसंला गाईच्या खुरावर पानी घालून हळदकुकू कोण लावतं?"

"मी लावते."

"मग ह्येबी खूरच हाय. लावायचं आसंल तर लावा, न्हाईतर वाट सोडा. भाकरी करपतीया."

बयाबाई बाजूला झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणाला वाट सोडली, असं नंदाबाई सांगते. नंदाबाई तेव्हा कुठून बघत होती, ते विचारू नये.

आवणीच्या दिवशी अकरा बाया एका ओळीत उभ्या राहिल्या. पानांची इरली पाठीवर, रोपांच्या मुठी हातात. बयाबाईनं रतनबाईची पात मुद्दाम आपल्या शेजारी घेतली. एक पाऊल मागे, एक खूर मागे. फाकला, मिटला. फाकला, मिटला. रतनबाई पूर्वीसारखी पुढे गेली नाही. तिच्याआधी सहा जणी बांधाला लागल्या. पण बांधाला लागली. बयाबाईनं तिच्या पातीतलं एक रोप ओढून बघितलं. निघालं नाही. पुन्हा ओढलं. "हं," एवढंच म्हणाली आणि दुसरी पात धरली.

दुसऱ्या पातीच्या मध्यावर खीळ निसटली. खुराची एक फाक चिखलात राहिली आणि रतनबाई एका बाजूला कलली. ती थांबली. हातातली मूठ मात्र सोडली नाही. ओळ मागे मागे सरकत होती. तिनं इकडेतिकडे बघितलं नाही, हाक मारली नाही. उजव्या पायावर तोल धरून हात पोचेल तेवढ्या जागेत रोपं खोचत राहिली.

बयाबाई आपली पात सोडून आली. आवणीत पात सोडून आलेली बयाबाई पेठेनं कधी बघितली नव्हती. कोपरापर्यंत हात घालून तिनं चिखल चाचपला, फाक काढली, खीळ शोधून काढली. मग खाली बसून तिनं तो खूर स्वतःच्या पदरानं पुसला. फाक बसवली, खीळ घातली आणि बांधावरचा दगड घेऊन तीन ठोके मारले.

"अंबाजीला म्हनावं, खिळीला आडवी पाचर मार. यवढं कळत न्हाई?" आणि उठता उठता भिमाजीकडे बघून ओरडली, "बघतुयास काय मेल्या? बेगडेवाडीला सांगावा धाड. म्हनावं, पोरीला दुसरं ठिकान बघा. हितं जागा न्हाई."

भिमाजी सांगावा घेऊन स्वतःच निघाला. रोपं वाहायचं काम टाकून. असा पळाला म्हणतात, की जणू आईनं शब्द फिरवायच्या आत बेगडेवाडी गाठायची होती.

पुढे खूप वर्षं गेली. घाटात रुळांवर पाय गेलेले गँगमन आले, डोंगरवाडीतला झाडावरून पडलेला कान्हू आला, एकाला तर बैलगाडीतून लोणावळ्याहून आणलं. अंबाजी पाय करायचा. शेतकऱ्याला खूर, चाकरमान्याला सपाट तळ. आणि पाय मिळाला की माणूस रतनबाईच्या ओसरीवर. तोच भिमाजीचा कठडा, तीच हळद-तेलाची वाटी. जात्यावर बसलेली बयाबाई म्हातारपणी सगळ्यांवर खेकसायची, "वाका! खांदं पाडू नका! आमची रतनी चार म्हयन्यांत उलटी चालाय लागली, अन् तू गडीमानूस आसून!"

एका वैशाखात वडगावचा महिपती आला. मिशी पांढरी, बूट तसाच चकचकीत. इकडची तिकडची विचारपूस झाली, चहा झाला, तरी जाईना. शेवटी बुटाकडे बघत म्हणाला, "वैनी, बसऱ्याहून आल्यापासनं सोताच्या खाचरात उतरलो न्हाई. बांधावर खुर्ची टाकून बसतो. लोकांना वाटतं, सायब झालाय."

रतनबाईनं काठी उचलली, कठड्याकडे दाखवली.

"अंबाजीभाऊ खूर करून देतील, मग तो बूट कोनाड्यात ठेवा, भाऊ. दसऱ्याला घाला. अन् आता उठा, पाठ फिरवा. आपल्याकडं पाय आला का न्हाई, ते मागं जाऊन कळतं."