टोचून घ्यायला शिकताना

बायको होती तोवर इन्शुलिनचं इंजेक्शन हे माझं काम नव्हतंच. जेवणाआधी ती सदरा वर करायला सांगायची, पोटावरची कातडी चिमटीत धरायची आणि म्हणायची, "झालं, ओरडू नका." मी ओरडायच्या आधीच! गेल्या वर्षी ती गेली. मग मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जायला लागलो, आणि कंटाळा आला की सरळ बुट्टी मारायचो. एकदा साखर इतकी चढली की शेजाऱ्यांनी ऑटोत घालून नेलं. ते कळलं तशी लेक पुण्याहून आली, लॅपटॉपसकट.

आल्या आल्या तिनं फर्मान काढलं, "अप्पा, तुम्ही स्वतः टोचून घ्यायला शिकल्याशिवाय मी इथून हलणार नाही." इतकी गोड धमकी मला जन्मात कुणी दिली नव्हती. माझा हात खरंच थरथरायचा. तो थांबावा असं मला वाटत नव्हतं, हेही खरं.

तिची नोकरीही इंजेक्शनचीच. जेवताना मी विचारलं तर म्हणाली, "वेबसाइटवर नाव लिहायची चौकट असते ना, तिथे कुणी लबाड नावाऐवजी हुकूम लिहितो. आतली यंत्रणा भोळी, ती तो पाळते. यालाही इंजेक्शनच म्हणतात. तसं होऊ नये हे मी बघते."

"म्हणजे डॉक्टरांचं काय, तुमचं काय, बाहेरून आत घुसवणंच," मी म्हणालो. "आमच्या गणितातही इंजेक्शन असतं, पण त्यात घुसवाघुसवी नाही. इकडच्या प्रत्येकाला तिकडे आपापली वेगळी जागा. एका जागेवर दोघं नाहीत, बस्स." आडुतुरै, पट्टीश्वरम अशा आसपासच्या गावांतून कुंभकोणम्‌च्या कॉलेजात येणाऱ्या पोरांना मी जन्मभर तमिळमधून हेच शिकवलं.

"आणि तिकडच्या काही जागांवर कुणीच आलं नाही तर?"

"नाही तर नाही. चालतं."

वर्गात किती सहज म्हणायचो हे मी! त्या दिवशी मात्र समोरच्या, बायकोच्या रिकाम्या जागेकडे माझी नजर गेली. मी सांबारभात नुसता कालवत बसलो.

आमच्या कुंभकोणम्‌च्या मराठी घरांतली एक खोड इथे सांगायला हवी. उंबरठ्याबाहेर तमिळ, आत मराठी. त्यामुळे परक्यासमोर घरचं काही बोलायचं झालं की आम्ही खुशाल मोठ्यानं मराठीत बोलतो. डॉक्टर असो, भाडेकरू असो, कुणाला काय कळतंय! साडीच्या दुकानात दुकानदारासमोरच त्याच्या मालाला नावं ठेवणं हा तर आमचा पिढीजात हक्क.

तर एका सकाळी लेक लॅपटॉप उघडून ऑफिसच्या लोकांशी इंग्रजीत बोलत होती. मी इन्शुलिनचं पेन घेऊन तिच्या मागे उभा राहिलो. तिनं हातानंच खूण केली, आज तुमचं तुम्ही घ्या. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "नको गं बाई! मी शिकलो की तू जाशील. मग या घरात माझ्याशी मराठी बोलणार कोण?"

लॅपटॉपमधले सगळे चेहरे एकदम माझ्याकडे बघायला लागले. पुण्याचे! अख्खी टोळी मराठी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. एक मुलगी हळूच "नमस्कार काका" म्हणाली. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

लेकीनं लॅपटॉप मिटला. संध्याकाळी म्हणाली, "पुण्याला चला ना, अप्पा."

"तिथे येऊन काय करू? आपल्या इकडच्या मराठीतलं निम्मं तुझ्या नवऱ्याला कळत नाही. आणि उरलेल्या निम्म्याला तो हसतो."

"माझं घर तिकडे आहे, नोकरी तिकडे आहे. मी तरी काय करू?"

तिचं खरं होतं. माझंही खरं होतं. भांडायलासुद्धा काही उरलं नाही, आणि आम्ही दिवे लावायला उठलो.

रात्रभर तिच्या खोलीतून कूस बदलल्याचा आवाज येत होता. माझ्यापायी पोरीचा संसार अडकून पडला होता. सकाळी मी खुर्चीत बसलो, पेनला सुई लावली, आकडा फिरवला, कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. हात जराही हलला नाही.

"जमलं की, अप्पा!" ती म्हणाली, आणि ओढणी तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली.

मी घाबरलोच.

"अगं, मला नाही दुखलं," मी म्हणालो.