चार दारं आणि एक कात्री

डेलमार प्रोखास्काच्या विमानांच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीवर एकतीस शर्टांची शेपटं खिळ्यांनी ठोकलेली होती. चौकड्यांची, फुलाफुलांची, एक तर चक्क लग्नातल्या पांढऱ्या शर्टाचं. शिकाऊ माणूस पहिल्यांदा एकटा उडून सुखरूप खाली आला, की गुरूनं त्याच्या शर्टाची मागची बाजू कातरायची आणि वर नाव-तारीख लिहायची, ही तिकडे अमेरिकेत, नेब्रास्कातही, चालत आलेली रीत. पूर्वी गुरू मागे बसायचा आणि काही सांगायचं झालं की शिष्याचा शर्ट ओढायचा. आता ओढायची गरज उरली नाही, म्हणून कात्री.

एकतिसावं शेपूट डेलमारच्या भाचीचं, आर्डिथचं. सतराव्या वर्षी, नाताळला आईनं घेतलेल्या नव्याकोऱ्या शर्टाचं. त्यापायी आईनं सख्ख्या भावाशी आठवडाभर अबोला धरला होता.

डेलमारचं स्वतःचं शेपूट मात्र त्या भिंतीवर नव्हतं. तो एक मोडकं विमान दुरुस्त करून आपला आपणच उडायला शिकला, आणि पहिल्यांदा खाली उतरला तेव्हा बघायला फक्त एक गाय हजर होती. "दुसऱ्याच्या हातानं कापलं तरच ते खरं," तो म्हणायचा. "गाईला कात्री धरता येत नाही, त्याला ती काय करणार?"

आर्डिथ बावीस वर्षांची झाली तेव्हा मामाकडेच कामाला होती. मक्यावर फवारायचं औषध कालवायचं, विमानाच्या टाकीत भरायचं आणि मामा खूश असला तर संध्याकाळी दोन घिरट्या घालायच्या. कॉलेजात एकदा गेली होती. चार महिन्यांत परत आली. वर्गाच्या खिडकीतून विमान दिसलं की हिचं पेन थांबायचं, ते विमान दिसेनासं झाल्यावरच चालायचं. अशा मुलीला पदवी कोण देणार? पण उडायचं तर होतं, आणि दोन घिरट्यांवर तिचं पोट भरत नव्हतं. मोठी यंत्रं, रोजचं उडणं, तेच काम आणि त्याचाच पगार, एवढं फुकटात शिकवणारं दुकान देशात एकच होतं. फक्त त्या दुकानाला दारं चार होती.

खरोखरच चार. जवळच्या मोठ्या गावात, पिझ्झाच्या दुकानाला लागून, एका ओळीत भरतीची कार्यालयं: वायुदल, नौदल, मरीन आणि भूदल.

आर्डिथला अर्थातच वायुदलात जायचं होतं. विमान म्हणजे वायुदल, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकच अडचण होती, उंची अर्ध्या इंचानं कमी पडत होती. म्हणून महिनाभर ती रोज सकाळी शेडच्या तुळईला लोंबकळत होती. मामा खाली कॉफी पीत उभा राहायचा.

"किती वाढले?"

"हात वाढले गं पोरी. तू होतीस तेवढीच आहेस."

ती ठरलेल्या सोमवारी निघाली तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत आधीच बसला होता. मांडीवर कोलाचींची, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांची पिशवी.

"तुला कुणी बोलावलं?"

"मी नुसता गाडीत बसणार. एकच सांगतो. सही करायच्या आधी कागदावर 'उड्डाण' हा शब्द शोधायचा. दिसला तर सही. नाही दिसला तर नमस्कार."

यामागचं दुखणं घरात सगळ्यांना माहीत होतं. एकोणीसशे एकसष्ट साली डेलमार वैमानिक व्हायला वायुदलात गेला होता. विमान म्हणजे वायुदल, असंच त्यालाही वाटलं. त्यानं विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही, की पदवीवाचून तिथं विमान मिळत नाही. चार वर्षं त्यानं धावपट्टीवर पांढरे पट्टे रंगवले. "सरळ रेघेत माझा हात धरणारा पुऱ्या वायुदलात नव्हता," हे तो हसत सांगायचा. पण सांगून झालं की उठून बाहेर जायचा.

पहिलं दार वायुदलाचं. पदवीची ती जुनी अट एव्हाना गेली असेल, असं आर्डिथ धरून चालली होती. आत गालिचा, कुंडीत झाड आणि दात पुढे असलेला एक हसरा हवालदार. आर्डिथनं भडाभडा सगळं सांगितलं, तुळईसकट. त्यानं शांतपणे विचारलं, "पदवी?"

"नाही."

"मग वैमानिक नाही. पण विमानांच्या अगदी जवळची खूप कामं आहेत हो आमच्याकडे."

"रंगकाम?"

"ते पण आहे," तो उत्साहानं म्हणाला.

नमस्कार करून ती बाहेर आली. गाडीच्या काचेतून मामानं भुवया उंचावल्या. तिनं हवेत ब्रश फिरवून दाखवला. मामा इतका हसला की खसखस शर्टभर उडाली.

नौदलातही पदवी हवीच होती. वर तिथल्या साहेबानं विचारलं, "समुद्र पाहिलाय का?" ती म्हणाली, "मक्याचा." मरीनचा गडी तर बोलायच्या आधीच तिला जोर काढायला लावून मोकळा झाला. तिनं चाळीस काढले, त्यानं टाळ्या वाजवल्या, आणि पदवी नाही म्हटल्यावर त्याचाच चेहरा पडला. "बाई, तुमच्यासारखं माणूस सोडवत नाही हो. कॉलेज करून या. मी इथंच आहे."

उरलं भूदल. रणगाडे, चिखल, पाठीवर ओझं. आर्डिथ दारात घुटमळली. तुळईला लोंबकळून महिना गेला आणि शेवटी पायदळाच्या दारात! तिला रडूही येत होतं आणि आपल्याच खुळेपणाचं हसूही.

आत सार्जंट कॉर्डेल पिझ्झाचा शेवटचा तुकडा खात होता. त्यानं तोंड पुसलं. "बसा बाई. काय हवंय?"

"उडायचंय. पदवी नाही. एवढी आहे," तिनं डोक्यावर हात ठेवून उंची दाखवली. "नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, मामा गाडीत उकडतोय."

"हेलिकॉप्टर चालेल?"

आर्डिथ खुर्चीतून उठली. परत बसली. "पदवीशिवाय?"

"शाळा झाली असली की पुरे. परीक्षा, डॉक्टर, मुलाखत, तीन शिफारशी. निवड झाली तर थेट उड्डाणशाळा. उंचीपेक्षा हात बघतात, दोन्ही पसरून किती भरतात ते."

आर्डिथनं तिथंच हात पसरले. कॉर्डेलनं टेप आणली. नियमापेक्षा दोन बोटं जास्तच भरले. महिनाभराचं लोंबकळणं आठवून तिनं अशी किंकाळी मारली की भिंतीपलीकडून मरीननं विचारलं, "काय झालं?"

आणि इथंच ती घसरणार होती. कॉर्डेलनं कागदांची चळत पुढे केली. "हे सगळं जमायला सहा-आठ महिने जातात. निवड होईलच असंही नाही. त्यापेक्षा आज यावर सही करा, पुढच्या सोमवारी आत. आत गेल्यावर करा अर्ज. खूप जण तसंच करतात." तो खोटं बोलत नव्हता, बरेच जण खरंच तसं करतात. आर्डिथचं तर डोकंच ताळ्यावर नव्हतं. सोमवारी आत! पेन तिच्या हातात होतं, टोक कागदाला लागलं होतं.

खिडकीबाहेर मामा गाडीतून उतरून पार्किंगमध्ये उभा होता. गाड्यांसाठी जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत बुटानं तो सरळ आहे का ते तपासत होता.

तिनं पेन उचललं. सगळा कागद वाचला. 'हेलिकॉप्टर' होतं, त्यापुढे 'दुरुस्ती' होतं.

"साहेब, यात 'उड्डाण' कुठं आहे?"

"यात नाही बाई. ती दुसरी फाईल."

"मग ती काढा."

"ती जाडी आहे."

"मला वेळ आहे."

कॉर्डेलनं तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि खालच्या खणातून धुळीनं भरलेली फाईल काढली. "चार वर्षांत ही कुणी मागितली नव्हती," तो म्हणाला, पण खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसला.

आठ नाही, अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत आर्डिथनं औषध कालवलं, नखं खाल्ली आणि टपालवाल्याचं जगणं नकोसं केलं. मग पत्र आलं. मामानं ते तीनदा वाचलं, 'उड्डाण' शब्दावर बोट ठेवलं आणि तिला उचलून औषधाच्या रिकाम्या पिंपावर उभं केलं.

अडीच वर्षांनी, सप्टेंबरमधल्या एका दुपारी, कॅन्ससहून उत्तरेकडे निघालेलं एक हिरवं हेलिकॉप्टर तेल भरायला म्हणून डेलमारच्या धावपट्टीवर उतरलं. मका आडवा झाला, कोंबड्या चहूकडे उधळल्या, आणि मामा शेडमधून कात्री परजत धावत आला.

"वळ! पाठ कर! हेलिकॉप्टरचं वेगळं शेपूट द्यावं लागतं!"

आर्डिथ हेलिकॉप्टरमधून उतरली आणि पाठमोरी झाली. मामानं तिचं कापड चाचपलं, खाली चाचपलं, वर चाचपलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध पोशाख. शेपूटच नव्हतं.

"हे काय गं? सरकारनं शर्ट पण दिला नाही?"

तिचा जोडीदार वैमानिक पोट धरून हसत होता. आर्डिथही हसत होती. हसता हसता तिनं मामाच्या हातातून कात्री काढून घेतली.

"आता तू वळ."

"मी कशाला?"

"एकसष्टला तूही यासाठीच गेला होतास ना? आणि खाली उतरलास तेव्हा इथं फक्त गाय होती. आज मी आहे."

डेलमारनं शर्ट विजारीतून बाहेर काढला. तो वळला. इस्त्रीचाच शर्ट होता. ती येणार म्हणून घातलेला. तिनं चर्रकन कापलं, आणि शेडमधल्या भिंतीशी जाऊन, एकतिसाव्याच्या शेजारी न लावता, पहिल्याच्याही आधी जागा करून ठोकलं. तारीख कुठली लिहायची विचारायला ती वळली, तर मामा फाटक्या पाठीनं हेलिकॉप्टरभोवती फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक फेरीला तिच्या जोडीदाराला सांगत होता, "माझी भाची आहे ती. माझी भाची."