आधी घोट उतरू दे

आक्काला जाऊन महिना झाला. शेवटचे तीन दिवस ती वडगावच्या घरात अंथरुणाला खिळून होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. पहिल्याच दिवशी मी तिला चमचाभर पाणी पाजलं आणि ते श्वासनळीत गेलं. खोकून खोकून तिचं तोंड निळं पडलं... डॉक्टर म्हणाले, "घशाला गिळता येत नाही. तोंडाने काही देऊ नका."

ही माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून शाळा शिकवली. आमच्या घराण्यात पहिला बी.ए. मी झालो, तो तिच्या जिवावर. शिवाय गल्लीतली तान्ही पोरं न्हाऊ घालायला तिलाच बोलवत. माझी मुलगी दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. एकदा पाजल्यावर दूध घशाशी परत आलं आणि तिचा श्वास थांबल्यासारखा झाला. मी घाबरून तिला उचलायला गेलो, तर आक्कानं माझा हात धरला.

"थांब रं. आधी घोट उतरू दे."

"अगं, श्वास घेत न्हाय ती."

"गिळताना कशी घेईल? बी.ए.च्या पुस्तकात एवढंबी न्हाय व्हय?"

मुलीनं घोट गिळला, श्वास घेतला आणि झोपली. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं, की दूध वर आलं की तान्ह्याचा घसा आपोआप गिळतो, तेवढा क्षण श्वास थांबतो आणि श्वासनळीचं तोंड मिटतं. आक्काला हे सांगितलं तर म्हणाली, "डाक्टर लई शिकलाय की."

दीड महिन्याच्या जिवाला जे न शिकवता येत होतं, ते आता तिला येईना. ती तांब्याकडे बघायची. मी ओलं फडकं ओठांना लावायचो, ती चोखू लागली की काढून घ्यायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी श्वास लांबला. कुणी काशीहून आणून दिलेला गंगाजलाचा सीलबंद गडू तिनं स्वतःसाठी जपून ठेवला होता. मी त्याचं तोंड फोडलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "घाल रं आता. जीव हाय तवरच घालायचं असतंय."

"ठसका लागंल, काकू."

"आता ठसक्याचं काय घेऊन बसलास?"

रिकामीच पळी हातात धरून मी तिचा श्वास बघत राहिलो. एक आला... दुसरा आला. तिसऱ्याची वाट बघत होतो, तेव्हा काकूंनी माझ्या हातातली पळी काढून घेऊन खाली ठेवली.

गडू अजून देवघरात आहे. तोंड फोडलेला, काठोकाठ भरलेला.