सासूबाईंनी नेलेल्या कपबशा

आमच्या सासूबाईंचा उजवा खांदा गेल्या कापूस वेचणीत धरला तो धरलाच. हात कानाच्या वर जाईना. दुखण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, दुःख होतं अंबाड्याचं. तो रोज मला घालावा लागे, आणि लग्न होऊन सौंसरला आल्यापासून माझं एकही काम त्यांच्या पसंतीला उतरलेलं नाही. "हा अंबाडा होय का शेणाचा पो?" हे ऐकत मी केसांत आकडे खोचायची. पण आपले केस दुसऱ्याच्या हाती द्यावे लागतात, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

पांढुर्ण्याला एक फिजिओथेरपीवाली मुलगी कप लावून दुखणं हलकं करते, असं कळलं. मी सासूबाईंना तेवढंच सांगितलं. बसमध्ये त्यांची पिशवी खणखणली म्हणून पाहते तो काय, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशा!

"दुसऱ्याच्या अंगाचे उष्टे कप मी नाही लावून घेत," त्या म्हणाल्या.

"अन् बशा कायले, आई?"

"बशी सोडून कप नेतात का कुठी?"

दवाखान्यात त्यांनी त्या कपबशा टेबलावर मांडल्या, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मुलगी मात्र हसली नाही. एक कप हातात घेऊन म्हणाली, "लय सुंदर आहेत, काकू. पण यातली हवा ओढता येत नाही." मग तिनं आपले प्लास्टिकचे कप त्यांच्यासमोर साबणानं घासले आणि सासूबाईंनी मान हलवल्यावरच पाठीला लावले. छोट्या पंपानं हवा ओढली तशी कातडी फुगून वर आली.

"तुंबडी लावून राहिली का वो? रक्त काढशील तं आधी सांग."

"नाही काढत, काकू. यानं थोडं मोकळं वाटते. खरं काम तुमच्या व्यायामाचं."

काय गुणाची पोर! मला तर ती तिथेच आवडून गेली.

पण व्यायाम करावा तो आमच्या सासूबाईंनीच. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, रोज. डोळ्यांत पाणी येई, तोंडून ब्र नाही. मी असते तर आठवड्यात भिंतीला रामराम ठोकला असता.

अन् एका सकाळी फणी घेऊन गेले, तर त्या ओसरीवर बसलेल्या, दोन्ही हात डोक्यामागे. अंबाडा जमला होता, जरा वाकडाच. मला रडूच कोसळलं. त्यांच्या तोंडात आकडे होते, बोलता येईना, म्हणून त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं.