साडूची पिवळी रेघ

वर्कशॉपमध्ये त्याला तोंडावर थेंबभाऊ म्हणत आणि पाठीमागे थेंब्या. त्याने काम करून सोडलेल्या गाडीखाली ऑइलचा थेंब कधी कुणी पाहिला नव्हता, त्यावरून हे नाव पडलं. मालट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक गलेलठ्ठ लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. इंजिनाचा जोर चाकांकडे वळवणारी दातेरी चाकं त्यात ऑइलमध्ये बुडून फिरतात. त्याला दोन प्लग असतात. वरच्यातून ऑइल भरायचं, खालच्यातून सोडायचं. थेंबभाऊचं निम्मं आयुष्य या दोन प्लगांखाली उताणं पडून गेलं होतं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती साडूबद्दल.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला इथे चिकटवलं ते थेंबभाऊनेच. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या हाताखाली राहिला की तयार होईल." झाला तयार. थेंबभाऊनेच त्याला शिकवलं, की खालचा प्लग सोडण्याआधी वरचा उघडतो का ते बघायचं, नाहीतर ऑइल सांडून बसाल आणि भरायचं भोक गंजून बंद. आटे तारेच्या ब्रशने घासून, पुसून कोरडे करायचे. गळती रोखणारी पेस्ट प्लगच्या आट्यांना लावायची, टोकाकडचा आटा मोकळा ठेवायचा, म्हणजे पेस्ट आत ऑइलमध्ये पडत नाही. आणि पेस्ट एकदा सुकली की प्लगला पाना लावायचा नाही. केसभर जरी हलला तरी आतली पकड तुटते.

साडूने सगळं मुकाट्याने ऐकलं आणि थेंबभाऊपेक्षा चटपटीत करायला लागला. वर गाणं गुणगुणत. काम करताना माणसाने गुणगुणावं कशाला, हे थेंबभाऊला कधी कळलं नाही.

घरीही तेच. मोरीतला नळ कधीचा टपटपत होता. बायकोने सांगून सांगून सोडून दिलं होतं. एका सुट्टीला साडू सहकुटुंब जेवायला आला, हात धुवायला गेला आणि खिशातला वायसर काढून नळ बंद करूनच बाहेर आला.

"भावोजी, यांना राहवतच नाही हो," मेहुणी हसत म्हणाली.

"राहवत नाही ते बरंच आहे," बायको म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना सगळं राहवतं."

थेंबभाऊ ताटात मान घालून जेवला. त्या रात्री नळ गप्प होता, म्हणून त्याला झोप आली नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट समोर आली होती. अ‍ॅक्सल विभागाचा मुख्य मिस्त्री काम सोडून मुलीकडे राहायला चालला होता. वर्कशॉपची जुनी रीत अशी, की ज्याने प्लग आवळला त्याने प्लगवरून बाहेरच्या लोखंडापर्यंत आपल्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटली की समजायचं, प्लग हलला. थेंबभाऊचा रंग पांढरा, साडूचा पिवळा. आणि त्या रेघेशेजारी शेवटची रेघ मुख्य मिस्त्रीची. ती पडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. ती शेवटची रेघ आपली असावी, एवढंच थेंबभाऊला आयुष्याकडून हवं होतं. ती साडूच्या हाती गेली तर आपण आवळलेल्या प्लगवर पिवळा रंग बघायचा, हे त्याला मंजूर नव्हतं.

फोरमनबाई चष्मा गळ्यात अडकवून फिरायच्या, पण कुणाला नेमायचं याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. "बघू," एवढंच. एक दिवस मात्र साडूच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तुझं काम बघायला चष्मा लागत नाही रे." थेंबभाऊच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलं काम बघताना बाईंनी इतकी वर्षं चष्मा लावलाच होता की.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन मागच्या शेडमध्ये गेले. साडूने सकाळीच प्लग आवळलेली गाडी खालून काम करायला खणलेल्या खड्ड्यावर उभी होती. थेंबभाऊ फडकं विसरल्याचं निमित्त करून परतला आणि खड्ड्यात उतरला. खालच्या प्लगखालून बोट फिरवलं. कोरडं. पुन्हा फिरवलं. कोरडंच. पिवळी रेघ पट्टीने आखल्यासारखी.

'वरून दिसतंय कोरडं,' त्याने मनाशी म्हटलं, 'आवळलाय कुठे नीट? याला घाई फार.' आणि इतक्या वर्षांत त्याने जे कुणाला करू दिलं नव्हतं, ते त्याचा हात करून बसला. प्लगला पाना लावला आणि ढिला आहे का ते बघायला मागे ओढला. प्लग हलेना. त्याने दात-ओठ खाऊन जोर केला. कट् असा बारीक आवाज झाला आणि पिवळी रेघ मधोमध तुटली.

प्लग चांगला घट्ट होता. म्हणजे, आतापर्यंत होता.

थोड्या वेळाने प्लगच्या कडेला ओल चमकायला लागली. एक थेंब जमला, लोंबला आणि त्याच्या मनगटावर पडला. असंच ठेवलं असतं तर दुपारी बाईंनी पाहिलं असतं आणि शेवटची रेघ पांढरी झाली असती. तो थेंबाकडे बघत राहिला. पण गळका प्लग बघून पुढे जायचं त्याच्या अंगातच नव्हतं. नळाची गोष्ट वेगळी. त्याने चडफडत स्वच्छ ट्रे ओढला, आधी वरचा प्लग उघडला, मग खालचा. ऑइलची धार सुरू झाली आणि वरून आवाज आला.

"दादा? जेवला नाहीत अजून?"

साडू वाकून बघत होता. त्याची नजर ट्रेवर गेली, मग प्लगवर.

"गळत होता का?"

थेंबभाऊने आटे घासायला घेतले. "हं," तो म्हणाला. 'हं' म्हणजे काही खोटं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

साडूचा चेहरा पडला. तो खाली उतरला, ट्रे धरला, पेस्टची नळी उघडून दिली. एकदाही गुणगुणला नाही. दोघांनी मिळून खालचा प्लग लावला, थेंबभाऊने पांढरी रेघ ओढली, पेस्ट सुकल्यावर ऑइल पुन्हा भरलं आणि वरचा लावला. साडू वर चढला तो तडक फोरमनबाईंच्या काचेच्या खोलीत. थेंबभाऊ पाठोपाठ गेला. हा काय सांगतो ते ऐकायचं होतं.

"बाई, माझा प्लग गळला," साडू सांगत होता. "दादांनी जेवण सोडून पकडला. गाडी बाहेर गेली असती तर पंचाईत होती. त्यांच्याइतकी नजर मला नाही यायची."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि साडूकडे अशा मायेने पाहिलं, की थेंबभाऊला ते सोसवेना. "स्वतःहून सांगायला आलास हे फार चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "असं सांगणारा माणूस मिळत नाही. बरं, मग अ‍ॅक्सलचं थेंबभाऊंनीच बघावं, नाही का?"

झालं. मागितलं होतं ते मिळालं. पण थेंबभाऊचं लक्ष तिकडे नव्हतंच. याने न केलेली चूक कबूल केली आणि तिचंही कौतुक पदरात पाडून घेतलं. आता ही गोष्ट घरी जाणार, मेहुणी सांगणार, सासूबाई डोळे पुसणार, किती तो सरळ माणूस म्हणून. आणि आपण जन्मभर ऐकायचं.

"तो प्लग गळत नव्हता," थेंबभाऊ म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"घट्ट होता. पाना मी लावला."

"सुकलेल्या प्लगला?" बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"ढिला आहे का बघायला."

"मग? होता?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढून पुन्हा गळ्यात सोडला. "थेंबभाऊ, तुमच्या हाताला तोड नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्याचा कोरडा प्लग बघून ज्याला पाना आठवतो, त्याच्या हाती मी शेवटची रेघ कशी देऊ?"

साडू काहीतरी बोलायला गेला. थेंबभाऊने त्याला हातानेच थांबवलं. "तुम्ही आता माझी बाजू घेऊ नका, साडूभाऊ. तेवढं तरी राहू द्या."

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "कोणाला नेमलं?" त्याने साडूचं नाव सांगितलं. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला. नळाचं नावही काढलं नाही, तेव्हा त्याला कळलं की तिच्या बहिणीचा फोन येऊन गेला आहे.

सकाळी खड्ड्यात थेंबभाऊने एका गाडीचा प्लग आवळला, पांढरी रेघ ओढली आणि तो बाजूला सरून उभा राहिला. साडू पिवळ्या रंगाची डबी घेऊन उतरला. पान्याला त्याने हात लावला नाही. प्लगखालून बोट फिरवलं, उजेडात धरून बघितलं.

"कोरडा आहे, दादा."

"मला माहीत आहे."

साडूने ब्रश बुडवला, जादा रंग डबीच्या काठाला पुसला आणि पांढऱ्या रेघेशेजारी आपली रेघ ओढली. तो गेल्यावर थेंबभाऊ वाकला आणि त्याने जवळ जाऊन नीट निरखून पाहिलं. रेघ सरळ होती. जराशी वाकडी आली असती, तर त्याचा दिवस बरा गेला असता.